झिजलेली जागा

ओमानमधल्या निझव्याला आलो तेव्हा मी तीन वर्षांत परत जाणार होतो. आखातात आलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो आणि ऐकणारा समजूतदारपणे मान डोलावतो. मला आता एकोणीस वर्षं झाली. गावी, राजापूरच्या आतल्या अंगाला, आमचं सुतारांचं घर. आजा सुतार, बाप सुतार, मी इथं येऊनही सुतारच. गावाबाहेर जिथं गॅरेजं, वेल्डिंगवाले आणि काचवाले बसतात त्या सनायात आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, वर्कशॉप आहे आणि मागच्या बाजूला माझी खोली. खोलीत खाट, शेगडी आणि एक म्हातारा एसी. त्याचा खडखडाट इतका सवयीचा झालाय की तो बंद पडला तरच मला जाग येते.

आम्ही मंदूस बनवतो. मंदूस म्हणजे पितळी खिळ्यांची नक्षी ठोकलेली लाकडी पेटी. पूर्वी इथल्या नवऱ्या मुली त्यात कपडे-दागिने भरून सासरी जायच्या. आता ती पर्यटक घेऊन जातात, आणि पर्यटकाला पेटी जुनी लागते. एवढ्या जुन्या पेट्या आणायच्या कुठून? म्हणून नव्या पेटीला म्हातारपण आणायचं काम माझ्याकडे. कडा कानशीनं मारायच्या, साखळीचे चार फटके द्यायचे, कोऱ्या चहाचं पाणी पाजायचं, कोपऱ्यांत बुटाचं काळं पॉलिश भरून पुसून घ्यायचं. चार दिवसांत पेटी शंभरीची दिसते. अर्बाब गिऱ्हाइकाला ती जुनी आहे असं कधीच म्हणत नाही. 'जुन्या पद्धतीची' म्हणतो, पुढचं गिऱ्हाईक आपलं आपण समजून घेतं. मीही कधी खोटं बोललो नाही. बोलायचे ते माझे हात.

माझ्या हत्यारांत खरी जुनी वस्तू एकच, वडिलांचा रंधा. त्याच्या मुठीला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. दसऱ्याला हत्यारं धुऊन पुजायची, तेव्हा वडील बाकी सगळ्या दांड्यामुठी घासूनपुसून तेल लावून चकचकीत करून घ्यायचे, पण रंध्याच्या त्या खळग्याला आम्हाला पॉलिश पेपर लावू द्यायचे नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात बोलणं कमी आणि ठोकाठोक जास्त. ते गेल्यावर मी रंधा इथं घेऊन आलो.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण मी जे करून बसलो ते मला कळायला हवं होतं. ज्याच्या घरात असा रंधा आहे त्याला तरी कळायलाच हवं होतं.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा वर्कशॉपमध्ये आला. त्याला हात नसलेली खुर्ची हवी होती. त्याचं इंग्रजी नाकातून यायचं आणि माझं घशात अडकायचं, पण खुर्ची, हात आणि नाही एवढं मला समजलं.

"सगळ्या निझव्यात हातवाल्या खुर्च्या," तो म्हणाला. "माझं कोपर आपटतं."

"काय करताना?"

त्यानं हवेतच गिटार वाजवून दाखवली. मी म्हटलं, असं हवेत माप घेता येत नाही, वाद्य घेऊन या. दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन आला. मी त्याला एका उलट्या मंदुसावर बसवला, वाजवायला लावला आणि टेप लावून कोपरापासून जमीन, गुडघ्यापासून कंबर अशी सगळी मापं घेतली. त्याचा उजवा हात गिटारच्या भोकापाशी कसा वरून खाली झाडतो, तेही बघून ठेवलं. गिटार फार वापरलेली होती. भोकाच्या खालच्या अंगाला पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. आणि भोकाच्या वरच्या अंगालाही.

जाताना त्याला बाकावर रंधा दिसला. त्यानं तो उचलला, खळग्यात अंगठा ठेवला आणि विचारलं, "कुणाचा?"

"वडिलांचा. ते वारले."

त्यानं अंगठा बराच वेळ तिथंच ठेवला. मग रंधा जिथून उचलला होता तिथंच, अगदी त्याच कोनात, परत ठेवला. मला तो माणूस आवडला.

पुढं मी त्यांना तोंडावर 'सर' म्हणायचो आणि मनात 'बुवा'. आमच्याकडे भजनात पुढं बसून गाणाऱ्याला बुवा म्हणतात. हे अमेरिकेतले बुवा निझव्याच्या एका खाजगी क्लासमध्ये मोठ्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि किल्ल्यापलीकडे खजुरांच्या बागेत एका जुन्या घरात एकटे राहायचे. घराच्या कडेनं फलज वाहायचा, म्हणजे बागांना पाणी देणारा पाट. खुर्ची पोचवायला गेलो तो शुक्रवार होता. ते खुर्चीत बसले, कोपर मोकळं फिरवून बघितलं, आणि आनंदानं लहान मुलासारखे हसले. मग मला बसवून गायले. त्या दिवसापासून शुक्रवारची दुपार ठरून गेली.

गल्फमध्ये शुक्रवार हा एकट्या माणसाचा वैरी असतो. सहा दिवस हाताला काम असतं म्हणून मन गप्प बसतं. शुक्रवारी कपडे धुवायचे, डाळभात करायचा, घरी फोन करायचा. फोनवर बायको विचारते, "जेवलाव काय?" मी म्हणतो, "जेवलो." मी विचारतो, "पाऊस?" ती म्हणते, "हाय." मग आम्ही दोघं एकमेकांच्या पडद्याकडे बघत बसतो आणि कुणीतरी दार वाजवलं की बरं वाटतं. मी घर बांधलं, मुलीला रत्नागिरीच्या कॉलेजात घातलं, आणि या सगळ्यात त्या घरात बसायची माझी म्हणून जागाच राहिली नाही. सुट्टीवर गेलो की पाहुण्यासारखा पुढच्या खोलीत बसतो. हे दुःख मी कुणाला सांगितलं नव्हतं. बुवांनाही नाही. पण त्यांच्या घरी गेलं की ते सांगायची गरज वाटायची नाही.

मी गावी शिमग्याच्या नमनात, खेळ्यांबरोबर, मृदंग वाजवायचो. बुवांकडे मृदंग कुठला? एक प्लायवूडचं खोकं मी गुडघ्यांत धरायचो. त्यांची गाणी खाणीतल्या माणसांची, पूर आलेल्या नदीची, तुरुंगातून घरी पत्र लिहिणाऱ्याची. शब्द मला अर्धे कळायचे, पण चाल कळायची. एक गोष्ट मात्र खटकायची. ते एक ओळ गायचे आणि पुढच्या ओळीला गप्प बसायचे. हात चालू, तोंड बंद. मग तिसरी ओळ गायची, चौथीला पुन्हा गप्प. मला आधी वाटलं, वय झालंय, विसरत असतील. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी मी त्या रिकाम्या ओळीत खोक्यावर जरा जोरात वाजवलं. त्यांनी चमकून बघितलं आणि म्हणाले, "ही तिची ओळ आहे. पण वाजव. चालेल."

असं थोडं थोडं करत त्यांचं आयुष्य मला कळलं.

ते डोंगरातल्या एका कोळशाच्या गावात जन्मले. गावात एकच उद्योग, जमिनीखाली जायचं आणि जमलं तर वर यायचं. वडील खोकून खोकून गेले. मामाकडे गिटार होती, त्यानं भाच्याला गाणी दिली आणि सांगितलं की तू खाली उतरू नकोस. एकोणिसाव्या वर्षी ते शहरात गेले. कॉफीच्या दुकानांत गायचं, टोपी फिरवायची, टोपीत येईल त्यात जेवायचं. मग एक टेपरेकॉर्डर मिळवला आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जुनी गाणी टिपत हिंडले. म्हातारे आधी गाणं द्यायचे नाहीत. आधी लाकडं फोडून घ्यायचे, गोठा साफ करून घ्यायचे, मग गायचे. हे ऐकून मला आमच्याकडचे नमनवाले आठवले. तेही तसलेच, आधी राबवून घेणार.

एका संपाच्या गावात, चर्चच्या स्वयंपाकघरात, संपकऱ्यांना सूप वाढणारी एक मुलगी त्यांना भेटली. ती सूप वाढताना गात होती. पुढची तीस-बत्तीस वर्षं दोघं मिळून गायले. एक जुनी व्हॅन, एक गिटार. दुसरी गिटार होती, ती व्हॅनच्या गिअरबॉक्सपायी गेली. दोन रेकॉर्डी निघाल्या, तिसरी कंपनीत अडकली ती अडकलीच. त्यांचं एक गाणं कुणा मोठ्या गायकानं उचललं आणि ते सगळीकडे गाजलं. आता लोकांना वाटतं की ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे, कुणी केलं माहीत नाही.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"लोकांनी मला विसरून गाणं ठेवलं," ते म्हणाले. "उलटं झालं असतं तर वाईट."

पुढं लोकांची आवड बदलली. मोठे कार्यक्रम थांबले. शाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम, सुगीच्या जत्रा, मिळेल तिथं गायले. मग ती आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली. नंतर ते जिथं गायला जायचे तिथं कुणीतरी विचारायचंच, ती कुठंय? म्हणून त्यांनी नकाशावर अशी जागा शोधली जिथं हे कुणी विचारणार नाही. "आणि इथं येऊन मीच तुला सांगत बसलो," असं म्हणून ते हसले. मी हसलो नाही. त्यांच्या तोंडून गल्फला यायचं असं कारण ऐकलं आणि वाटलं, आपण पोटासाठी आलो म्हणतो ते तरी सगळं खरं आहे का?

एका शुक्रवारी मी त्यांना माझ्या खोलीवर जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण, गावची आमसुलं घालून. ते 'पुरे' म्हणाले तेव्हा मी आणखी एक तुकडा वाढला. पुन्हा 'पुरे' म्हणाले, पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा त्यांनी ताटावर हात आडवा धरला, मी हाताच्या बाजूनं वाढला. त्यांना समजावलं की आमच्याकडे 'पुरे' म्हणजे 'वाढ', आणि ताटात आलेलं टाकायचं नाही, वाढणाऱ्याचा अपमान होतो. त्यांनी हे खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं आणि सगळं संपवलं. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलं होतं, हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. त्यांनी ब्र काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते दोन आठवडे दक्षिणेला सलाला शहरात गेले. घर बंद, एसी चालू, बाहेर भट्टी. परत आले तर कोरड्या हवेनं गिटारला भेग. खालच्या बाजूनं भोकापर्यंत लाकूड फाटलं होतं आणि तारा जिथं अडकवतात ती पट्टी उचलली गेली होती. ते गिटार माझ्याकडे घेऊन आले. मस्कतला वाद्यांचं दुकान आहे, तिथं न जाता माझ्याकडे. बाकावरच्या रंध्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझ्याकडे तो आहे म्हणून आणली."

मग म्हणाले, "फक्त भेग आणि पट्टी. बाकी काही करू नकोस."

मी मान हलवली.

"मिस्त्री, बाकी काहीच नको."

आता मी काय ऐकलं ते सांगतो. मी ऐकलं की भला माणूस आहे, संकोचतोय, आपल्याला जास्त त्रास नको म्हणतोय. ताटावर आडवा धरलेला हातच मला दिसला. आम्हा लोकांना नको कळत नाही. आमच्या प्रेमाला बाजूनं वाढायची खोड.

भेग मी सरस भरून बुजवली, आतून पातळ पट्ट्या लावल्या. पट्टी बसवली. काम इतकं सुबक झालं की बाकीची गिटार त्याच्यापुढं भिकारी दिसायला लागली. दिवसभर नव्याला जुनं करणारा मी, एकदा तरी जुन्याला नवं करायची संधी मला आली होती, आणि तीही अशा माणसासाठी. काम सुरू करायच्या आधी फोटो काढायची सवय आहे, तसा एक काढला. मग पॉलिश पेपर घेतला आणि पुढची सगळी फळी घासली. भोकाच्या वरच्या झिजेपाशी हात क्षणभर थांबला होता. यांचा हात खाली झाडतो, मी स्वतः माप घेतलंय. मग इथलं लाकूड कशानं झिजलं? व्हॅनमध्ये घासलं असेल, असं मी मला सांगितलं आणि पुढं घासलं. कापसाच्या बोळ्यानं लाखेचं पॉलिश चढवलं, थरावर थर, सात दिवस. गिटार आरशासारखी झाली. आयुष्यात इतकं चांगलं पॉलिश मी केलं नव्हतं.

कौतुक करून घ्यायला चकचकीत गिटारचा फोटो घरी पाठवला. बायकोचा लगेच फोन.

"अवो, त्यांना इचारलाव काय? लोकाची वस्तू हाय ती."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे कबूल करायचं मी एकोणीस वर्षं लांब राहून टाळत आलोय.

तासाभरानं मुलीचा मेसेज आला. 'बाबा, तुमचे बुवा सापडले नेटवर! त्यांची बायको बघा, गिटार उलटी धरते.' खाली एक जुना, अंधूक व्हिडिओ. गवतावर मांडलेलं लहानसं स्टेज, तरुण बुवा, शेजारी वेणी घातलेली सडसडीत बाई. एक गाणं संपतं, ती हात पुढं करते, बुवा गिटार तिच्या हातात देतात. लोक हसतात, त्यांना हे ठाऊक असावं. ती डावखुरी. तारा न बदलता ती गिटार तशीच उलटी फिरवते आणि डाव्या हातानं वाजवायला लागते. तिचा हात झाडत होता तो बरोबर भोकाच्या त्याच अंगावर, जिथलं लाकूड मी घासून टाकलं होतं.

मी व्हिडिओ बंद केला. वर्कशॉपचा केर काढणाऱ्या झाडूखाली अजून त्या घासकामाची भुकटी असेल असं वाटून मी मूर्खासारखा बाकाखाली वाकून बघितलं. सगळं केव्हाच सनायाच्या कचऱ्यात गेलं होतं. त्या बाईच्या हाताची या जगात उरलेली खूण एवढीच होती, आणि ती मी प्रेमानं पुसली होती.

सरळ जाऊन पाय धरायचे होते. मी काय केलं? मला जे येतं ते केलं. फोटो काढलेला होता, तिरपा आणि सावलीतला, पण होता. त्यावर बघून बघून मी भोकाच्या वरचं आणि खालचं पॉलिश पुन्हा उडवलं, कडा बोटानं मऊ केल्या, चहाचं पाणी दिलं, तळहाताच्या घामानं चोळलं. बाकीच्या फळीची चकाकी मारली. एका दिवसात चाळीस वर्षांची झीज तयार झाली. अर्बाब जाता जाता म्हणाला, "माशाल्ला, ओळखू येत नाही."

शुक्रवारी घरी नेऊन दिली तेव्हा बुवांनी गिटार मांडीवर घेतली. भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सुंदर." मग हात वर नेला. वरच्या झिजेवर चार बोटं टेकवली आणि तशीच ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरासं हसले, आणि म्हणाले, "थँक यू, मिस्त्री. फार मेहनत घेतलीस." सुटलो, असं मला वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी सुटलो असंच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा गिटार पेटीतच होती. बोटं दुखतात म्हणाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी हवा दमट आहे म्हणाले. निझव्यात हवा दमट! आम्ही चहा प्यायचो, फलजाचं पाणी ऐकायचो, प्लायवूडचं खोकं कोपऱ्यात उभं. मला ठाऊक होतं. आणि ठाऊक नाही असं मी मला बजावत होतो. दोन महिने हे चाललं, आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी जाऊन मी जितका एकटा पडलो तितका खोलीवर कधी पडलो नव्हतो.

मग क्लासवाल्यांनी वयाचं कारण देऊन त्यांचं कंत्राट थांबवलं. खलास. निघायच्या पाच दिवस आधी ते दुपारी वर्कशॉपला आले. एका हातात गिटारची पेटी, दुसऱ्या हातात मी केलेली खुर्ची. खुर्ची विमानात घेत नाहीत म्हणाले, आणि तिच्यावरच बसले. पेटी उघडली.

"तिचा हात याहून जरा वर असायचा," ते म्हणाले.

मी हातातली कानस बाकावर ठेवली.

"आणि तू गोल केलंयस. हात असा गोल झिजवत नाही. ती तिरकं झाडायची. तिच्या करंगळीत अंगठी होती. तिचे बारीक ओरखडे होते इथं. डोळ्यांना दिसायचे नाहीत, बोटांना लागायचे."

"सर, तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"हात ठेवल्याबरोबर."

"मग बोलला का नाहीत?"

"वाढलेलं टाकायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माफी मागितली, मोडक्या इंग्रजीत, मग हिंदीत, मग सरळ मराठीत. आधी फक्त चुकलो होतो, नंतर फसवलं, तेही सांगितलं.

"मी रागावलो होतो," ते म्हणाले. "तुझ्यावर नाही म्हटलं तर खोटं होईल. तुझ्यावरच. घासलंस त्याचा राग नाही, ती चूक झाली. पण तू तिचा हात बनवलास. मी घरी ती जागा बघायचो आणि मला तुझा हात दिसायचा." मग गिटार माझ्या बाकावर, रंध्याशेजारी ठेवून म्हणाले, "हे काढ. तिचं नाही तर कुणाचंच नको."

त्यांच्यासमोर मी ती जागा घासली. नवा पॉलिश पेपर, हलका हात. ते खुर्चीत बसून बघत होते. मग लाखेचा बोळा फिरवला. पुढचे तीन दिवस ते रोज दुपारी यायचे, बसायचे आणि मी थर द्यायचो. चौथ्या दिवशी पॉलिश सुकलं, त्यांनी तारा चढवल्या आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा वाजवलं. ती नदीच्या पुराची चाल. एक ओळ गायले, पुढच्या ओळीला गप्प. मी बाकावर बोटांनी धरलेला ताल त्या ओळीला थांबवला. दोघंही गप्प बसलो आणि ओळ आपली आपण निघून गेली.

गाणं झाल्यावर त्यांनी नव्या चकचकीत लाकडावर बोटं ठेवली. भोकाच्या खाली, त्यांच्या स्वतःच्या जागेवर. मी तीसुद्धा पुसली होती, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे पुन्हा झिजायला किती वर्षं लागतील?" त्यांनी विचारलं.

दहा म्हणायचं ओठांवर आलं होतं. सत्तरीला आलेला माणूस, एकटा, उद्या विमान. पण या गिटारशी मी एकदा खोटं वागलो होतो.

"रोज वाजवलीत तर तीस, सर. माझं पॉलिश आहे."

ते मोठ्यानं हसले. रंध्याच्या खळग्यात एकदा अंगठा ठेवला, पेटी मिटली आणि उन्हात टॅक्सीकडे चालू लागले. बिनहातांची खुर्ची वर्कशॉपमध्ये राहिली. अर्बाबनं ती दोनदा विकायला बाहेर ठेवली, मी दोनदा आत आणली. शुक्रवारी मी तिच्यावर बसून घरी फोन करतो. परवा बायकोनं विचारलं, त्या बुवांची काही खबर? मी म्हटलं, मेसेज येतो अधूनमधून, रोज वाजवतात म्हणे. फोटोही पाठवतात, तारांखालच्या फळीचा, महिन्यातून एक. मी तो मोठा करून बघतो. पॉलिश अजून जसंच्या तसं आहे.